बीपी-शुगरच्या गोळ्या: सरकारी दवाखाना की जनऔषधी?

घरात बीपी-शुगरचं कायमचं औषध सुरू झालं की आपल्यासारख्यांपुढे दोनच वाटा राहतात: मोफत गोळ्या देणारा सरकारी दवाखाना, नाहीतर ब्रँडशिवायची स्वस्त औषधं विकणारं सरकारी योजनेतलं जनऔषधी केंद्र. महात्मा फुले योजनेचं ५ लाखांचं संरक्षण इथं कामाचं नाही. ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, दर महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. आईसाठी आम्ही दोन्ही वाटा करून बघितल्या.

नुसते पैसे बघायचे तर सरकारी दवाखान्याला तोड नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. (कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, तिथं आधी विचारून घ्या.) तपासणी, रक्त-लघवी, गोळ्या सगळं एकाच आवारात.

पण आम्ही जात होतो त्या दवाखान्यात गोळ्या एका वेळी पंधरा दिवसांच्याच मिळायच्या. त्यातही चिठ्ठीवर तीन औषधं असली तर खिडकीवर दोन मिळायची आणि तिसऱ्यासाठी 'बाहेरून घ्या'. बाहेरच्या मेडिकलमधल्या त्या एका ब्रँडेड पट्टीच्या पैशात जनऔषधीतली तिन्ही औषधं आली असती, असा माझा अंदाज. शिवाय भाऊ शिरोली एमआयडीसीत रोजावर. आईला घेऊन रांगेत थांबायचं म्हणजे त्याचा खाडा. गोळी मोफत होती, पण खिशाला अशी चाट बसायचीच.

माझं मन जनऔषधीकडे वळलं ते मात्र पुरामुळे. पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीकडच्यांना हे सांगायला नको. २०१९ ला काय झालं, २०२१ ला काय झालं, सगळ्यांनी बघितलंय. पंचगंगा पात्राबाहेर आली की रस्ता बंद, आणि घरात पंधरा दिवसांच्या गोळ्यांतल्या चारच उरलेल्या. बीपीची गोळी अशी मध्येच तुटणं बरं नव्हे. आता पाऊस लागायच्या आत चिठ्ठी दाखवून दोन महिन्यांच्या पट्ट्या केंद्रातून आणून ठेवतो. खिडकीवर ही सोय आम्हाला कधी मिळाली नाही.

जनऔषधीत सगळं गोड आहे असं नाही. ब्रँडच्या नावानं मागितलं तर घोळ होतो; डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. दोन औषधं एकत्र असलेली गोळी कधी नसते, मग डॉक्टरांना विचारून दोन वेगळ्या घ्याव्या लागतात. पट्ट्याही एकसारख्या दिसतात. आईच्या पट्ट्यांवर मी मार्करनं 'सकाळ', 'रात्र' लिहून देतो. स्वस्त म्हणजे हलकी, ही शंका आम्हालाही होती. पण तिथल्या प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी होते, आणि गोळ्या बदलल्यावर आईचा बीपी होता तसाच राहिला. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही; बदलल्यावर एकदा बीपी-शुगर तपासून घ्यावी.

राधानगरी-भुदरगडकडं आरोग्य केंद्र दारात आणि जनऔषधी लांब असेल, किंवा महागडं इन्सुलिन नियमित मोफत मिळत असेल, तर सरकारी वाट सोडू नये. टीबीच्या औषधांचा तर प्रश्नच नाही, तो कोर्स सरकारीच घ्यावा.

आम्ही आजही तपासायला सरकारी दवाखान्यातच जातो, गोळ्या तेवढ्या केंद्रातून आणतो. जाण्याआधी जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं केंद्र आणि भाव बघा, आणि एक फोन करून चिठ्ठीवरची सगळी औषधं शिल्लक आहेत का तेवढं विचारा.