प्रियसची बॅटरी: आधी स्कॅनर की थेट मल्टीमीटर?

दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये पी०ए८० कोड, म्हणजे हायब्रिड बॅटरी बिघडल्याचा इशारा, आला की बरेच जण लगेच बॅटरीचा पॅक उघडायला धावतात. जरा थांबा. आत ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या, एकूण २०१.६ व्होल्ट, पण गाडीचा संगणक ती जोडीजोडीने, म्हणजे १४ ब्लॉक म्हणून वाचतो. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र, लावून गाडी चढावर घाला. बाकीचे ब्लॉक १५ व्होल्टच्या आसपास असताना एकच धाडकन १२ वर आला, तर चोर तिथेच. जोडीतलं नेमकं कुठलं मॉड्यूल, हे मात्र स्कॅनर सांगत नाही.

ते मल्टीमीटर सांगतो, पण जिवाशी खेळ नको. गाडी बंद, बॅटरीची जोडणी तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग बाहेर, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं, हातात १००० व्होल्टचे रबरी मोजे. प्लग काढला तरी मॉड्यूलमधली वीज तशीच असते! शिवाय नुसतं मोजून फसायला होतं: निवांत पडलेलं दुबळं मॉड्यूलही शेजाऱ्याइतकेच व्होल्ट दाखवतं. हेडलाइटचा बल्ब जोडून दोन मिनिटं भार द्या, मग सोंग उतरतं.

मी आधी स्कॅनरच लावतो. तरी झाकण उघडल्याशिवाय तांब्याच्या पट्ट्यांवरचा हिरवा कळंक दिसत नाही, आणि पट्टी कळंकली की धडधाकट ब्लॉकही स्कॅनरवर आजारी भासतो.