फाइलटाइपची सेटिंग्ज: व्हिमआरसीतली ऑटोकमांड की ‘आफ्टर’ फोल्डर?

पायथनच्या इंडेंटला (ओळीआधीच्या मोकळ्या जागेला) दोन स्पेस, मार्कडाउनला स्पेलचेक, अशी भाषेगणिक सेटिंग्ज व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये ठेवायच्या दोन जागा बहुतेकांना ठाऊक असतात. एक तर व्हिमआरसीतच (व्हिमच्या मुख्य सेटिंग्ज फाइलीत) फाइलटाइपची, म्हणजे फाइल कोणत्या भाषेची हे ठरताच आपोआप चालणारी, ऑटोकमांड लिहायची, नाहीतर डॉट-व्हिम या व्हिमच्या सेटिंग्जच्या फोल्डरात ‘आफ्टर/एफटीप्लगिन’ फोल्डर करून त्यात भाषेच्या नावाची फाइल ठेवायची. मी कित्येक वर्षं पहिली पद्धत वापरली, आता दुसरी वापरतो.

ऑटोकमांडचं सुख मोठं आहे. सगळं एका फाइलीत, डोळ्यांसमोर. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत उरकतात. दुसऱ्या पद्धतीत त्याच कामाला तीन फाइली लागतात. व्हिमआरसी पुन्हा सोर्स केली, म्हणजे व्हिमला परत वाचायला लावली, की त्याच ऑटोकमांड दुसऱ्यांदा नोंदल्या जातात हे खरं, पण ऑगग्रुप (ऑटोकमांडचा गट) करून सुरुवातीला उद्गारचिन्हासह ‘ऑटोकमांड’ लिहिलं की जुन्या पुसल्या जातात. तेवढ्यासाठी कुणी पद्धत बदलू नये.

माझं अडलं ते क्रमावर. एका प्रोजेक्टात पायथनला दोन स्पेसचा नियम होता. माझी ऑटोकमांड कित्येक महिने बिनबोभाट चालली. मग एक दिवस व्हिमआरसी आवरायला घेतली, सगळ्या ऑटोकमांड वर एकत्र केल्या आणि ‘फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ ही, भाषेगणिक सेटिंग्जच्या फाइली (एफटीप्लगिन) चालू करणारी ओळ त्यांच्या खाली गेली. एरर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी एका फंक्शनमध्ये अर्ध्या ओळी दोन स्पेसवर, अर्ध्या चारवर. इंडेंटची रुंदी किती आणि ती कुठे ठरली हे सांगणारं ‘व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ?’ विचारल्यावर उत्तर आलं चार, आणि ते शेवटचं कुठे ठरलं याचा पत्ता होता व्हिमसोबतच येणाऱ्या पायथनच्या एफटीप्लगिन फाइलीचा. ती पेप ८ या पायथनच्या लेखनशैलीच्या नियमावलीप्रमाणे चार स्पेस लावते. तिचं आणि माझं, दोन्ही कामं एकाच फाइलटाइप घटनेवर टांगलेली, आणि ज्या क्रमाने नोंदली त्याच क्रमाने चालणारी. माझी ओळ आधी नोंदली गेली, म्हणून तिच्यावर पाणी फिरलं.

ओळ खाली नेली की प्रश्न सुटतो, हे मान्य. पण काही प्लगिन मॅनेजर (व्हिमची जोड-साधनं सांभाळणारी साधनं) ती ‘फाइलटाइप’ची ओळ आतल्या आत स्वतःच चालवतात, मग क्रम फाइलीत दिसतही नाही. ज्या ओळीचा माझ्या सेटिंगशी वरकरणी संबंध नाही, तिच्या जागेवर ते सेटिंग अवलंबून असावं, हे मला पटेना.

आफ्टर फोल्डर रनटाइमपाथच्या, म्हणजे व्हिम ज्या फोल्डरांत फाइली शोधतं त्या यादीच्या, शेवटी असतं, त्यामुळे व्हिमची स्वतःची फाइल आधी वाचली जाते, माझी नंतर. ‘आफ्टर’ मात्र विसरू नका. नुसत्या ‘एफटीप्लगिन’ फोल्डरातली फाइल आधी वाचली जाते आणि तिच्यावरही तोच वरवंटा फिरतो. पायथनपुरता ‘रेकमेंडेड स्टाइल’चा व्हेरिएबल शून्य करूनही चालतं, पण प्रत्येक भाषेला अशी सोय असेलच असं नाही.

या पद्धतीची खोड म्हणजे नाव. सी-प्लस-प्लससाठी ‘सीपीपी’ आणि सी-शार्पसाठी ‘सीएस’ हेच फाइलटाइप. नाव चुकलं तर फाइल मुकाट्याने दुर्लक्षित राहते. आधी ‘सेट फाइलटाइप?’ विचारा, नंतर व्हिमने वाचलेल्या फाइलींच्या ‘स्क्रिप्टनेम्स’ यादीत आपली फाइल आली का ते बघा. ‘सेट’ऐवजी ‘सेटलोकल’ (फक्त चालू फाइलीपुरतं सेटिंग) मात्र दोन्हीकडे हवं, नाहीतर पायथनची मापं पुढे उघडणाऱ्या फाइलींनाही चिकटतात.

तुमच्या दोन-तीनच ओळी असतील आणि व्हिमआरसी फारशी हलत नसेल, तर ऑटोकमांड बहुधा पुरेल. फक्त ती ‘फाइलटाइप’च्या ओळीखाली ठेवा. माझ्याकडे भाषा वाढत गेल्या, म्हणून एका संध्याकाळी सगळं आफ्टरमध्ये हलवलं. त्यानंतर व्हिमआरसी दोनदा उलटीपालटी केली. पायथनच्या दोन स्पेस जागच्या हलल्या नाहीत.