वेबसाइटचे शॉर्टकट : आठ महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय काढून टाकलं

वापर कुठला ते आधी सांगतो, कारण घरच्या लॅपटॉपला यातलं सगळं लागू होणार नाही. बेळगाव भागातलं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान, दोन संगणक, एक विंडोज 10 चा नि एक 11 चा. दोन्हीवर क्रोम, एकावर जोडीला फायरफॉक्स. रोज लागणाऱ्या साइट पंधराएक: भूमीचा (कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदींची साइट) उतारा, कावेरी (दस्त नोंदणी), सेवा सिंधू (कर्नाटक सरकारच्या सेवा), हेस्कॉमचं (वीज कंपनी) बिल, बस-रेल्वेचं तिकीट, दोन बँका, आणि चंदगड-गडहिंग्लजकडे जमीन असलेल्यांसाठी महाभूलेख (महाराष्ट्रातल्या जमिनीच्या नोंदींची साइट). समोर गिऱ्हाईक उभं असतं आणि पत्ता टाईप करायला वेळ नसतो. गूगलवर नाव टाकून शोधलं तर वर जाहिराती आणि सारख्या नावाच्या खाजगी साइट येतात, तिथे घाईत चुकीच्या ठिकाणी क्लिक होतो. शॉर्टकटचा खरा उपयोग हा, वेळ वाचतो तो नंतरचा.

सगळ्यात सोपी पद्धत ओढून आणायची. साइट उघडा, खिडकी पडदाभर असेल तर वरच्या उजव्या चौकोनाने लहान करा म्हणजे मागचा डेस्कटॉप दिसेल. पत्त्याच्या डावीकडे फायरफॉक्समध्ये कुलूप आहे. क्रोमने 2023 मध्ये कुलूप काढून तिथे दोन आडव्या दांड्यांचं चिन्ह बसवलं. ते चिन्ह माउसने धरून डेस्कटॉपवर सोडा, झालं. तयार होते ती एक साधी मजकुराची फाइल असते, आत फक्त पत्ता. त्यामुळे साइटचा पत्ता बदलला तर शॉर्टकट उडवायची गरज नाही: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘वेब डॉक्युमेंट’ या टॅबमध्ये नवा पत्ता चिकटवा. ही फाइल नेहमी डिफॉल्ट (विंडोजमध्ये मुख्य म्हणून ठरवलेल्या) ब्राउझरमध्येच उघडते. क्रोममधून ओढली म्हणून क्रोममध्ये उघडेल असं नाही. अपडेटनंतर डिफॉल्ट ब्राउझर बदललेला असला की ‘पासवर्ड गेले’ म्हणून ओरड होते. पासवर्ड दुसऱ्या ब्राउझरात जागच्या जागी असतात.

नाव मात्र लगेच बदला. ओढल्यावर पानाचं लांबलचक शीर्षक नाव म्हणून येतं, आपल्या सरकारी साइटवर बऱ्याचदा कन्नडमध्ये. एफ-2 दाबा आणि मराठीत लिहा. इथे एक गंमत आहे: महाभूलेखच्या शॉर्टकटला ‘7/12’ नाव देता येत नाही. तिरकी रेघ विंडोज फाइलच्या नावात घेतच नाही, तसंच प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविरामही नाही. अक्षरात ‘सातबारा’ लिहा. इकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, जमिनीच्या कागदाला सगळे ‘उतारा’च म्हणतात, तिथे प्रश्न नाही. नावाआधी 1, 2, 3 असे आकडे घातले आणि डेस्कटॉप नावानुसार लावला तर क्रम पक्का राहतो.

आता खरी चूक, जी सगळ्यांकडून होते. शॉर्टकट आतल्या पानाचा करतात. लॉगिन करून, तीन पानं पुढे जाऊन, ‘हेच पान लागतं’ म्हणून तिथला पत्ता ठेवतात. दुसऱ्या दिवशी ‘सेशन संपलं’ असं पान येतं, कारण त्या पत्त्याला कालच्या लॉगिनचा आधार होता. शॉर्टकट दारापर्यंतचा ठेवावा, माजघराचा नको. भूमीचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथे जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव निवडून सर्व्हे नंबर टाकायचा, मग सर्नोक (सर्व्हे नंबरचा पोटभाग), हिस्सा, कालावधी आणि वर्ष. यातलं काहीच वरच्या पत्त्यात उतरत नाही. निवड पानाच्या पोटात राहते आणि पत्ता होता तसाच. त्यामुळे ‘आमच्या गावाचा शॉर्टकट करून द्या’ म्हणणाऱ्याला नाही म्हणावं लागतं. लोकांचं अडतं ते होबळीपाशी, गाव माहीत असतं पण होबळी आठवत नाही. त्यावर इलाज एकच चालला: गाव-होबळीची यादी छापून मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेली. महाभूलेखलाही तीच गत.

कीबोर्डची पद्धत आम्ही मोठ्या उत्साहाने सुरू केली. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट, पत्ता चिकटवा, नेक्स्ट, नाव, फिनिश. मग प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’च्या चौकटीत एक अक्षर दाबा, विंडोज स्वतःच पुढे कंट्रोल-आल्ट जोडतं. हा शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच हवा. नीटनेटकेपणाच्या नादात फोल्डरमध्ये हलवला तर ही की मुकी होते. फायदा असा की मराठी कीबोर्ड चालू असला तरी ती चालते, कारण विंडोज बटण बघतं, अक्षर नाही. तोटा रुपयाच्या चिन्हाचा. इंग्रजी-भारत कीबोर्डवर कंट्रोल-आल्ट-4 दाबलं की रुपया उमटतो, आणि उजवा आल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल-आल्टच. हेस्कॉमला 4 दिला, तर पावतीवर रुपया टाकायला जावं आणि विजेच्या बिलाचं पान उघडावं. तेव्हा 4 मोकळा ठेवा. शिवाय की दाबल्यावर कधीकधी दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, माणूस परत दाबतो, पान दोनदा उघडतं. आता फक्त उतारा आणि कावेरी, दोघांनाच की आहे. (हेस्कॉमचा शॉर्टकट हुक्केरी तालुक्यातल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना कामाचा नाही, तिथली वीज सहकारी संस्थेची.)

फायरफॉक्समध्ये याहून हलकी सोय आहे. बुकमार्क संपादित करताना ‘कीवर्ड’ची जागा असते, तिथे दोन इंग्रजी अक्षरं घाला, मग पत्त्याच्या पट्टीत ती दोन अक्षरं आणि एंटर. पण इथे मराठी कीबोर्ड चालू राहिला तर भलतंच उमटतं. आधी विंडोज-स्पेसबार दाबून भाषा बदलावी लागते. दिवसभर मराठी-इंग्रजी अदलाबदल करणाऱ्याच्या हाताला हे बसत नाही.

टास्कबारवर साइट बसवायची असेल तर ओढून केलेली फाइल विंडोज 11 तिथे घेत नाही. मार्ग असा: नवा शॉर्टकट करताना पत्त्याच्या आधी ‘एक्सप्लोरर’ हा शब्द इंग्रजीत आणि एक जागा सोडा, मग तयार झालेला शॉर्टकट टास्कबारला पिन होतो. मग विंडोज बटण आणि क्रमांक दाबून उघडता येतो. पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह असेल तर मात्र कधीकधी साइटऐवजी डॉक्युमेंट्सचं फोल्डर उघडतं. साध्या, आखूड पत्त्यांनाच हे वापरा.

क्रोमच्या तीन टिंबांतून ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’ आणि त्यात ‘क्रिएट शॉर्टकट’ हाही रस्ता आहे. दिसायला सुबक, पण तो शॉर्टकट क्रोमच्या त्या प्रोफाइलला बांधलेला असतो. प्रोफाइल काढलं की शॉर्टकट निकामी. दुकानात प्रोफाइल येतात-जातात, म्हणून हा सोडला. घरी एकटाच वापरणारा असेल तर चालेल.

शेवटी रोजच्या हातात राहिली ती बुकमार्कची पट्टी. कंट्रोल-डी ने जोडा, कंट्रोल-शिफ्ट-बी ने पट्टी दिसत राहू द्या, आणि नावं एका शब्दाची. नाव पुसून नुसतं चित्र ठेवण्याची युक्ती इथे फसते: ज्या साइटना स्वतःचं चित्र नाही त्यांना क्रोम राखाडी गोळा देतं, आणि असे चार गोळे शेजारी बसले की कुठला कुणाचा कळत नाही. ‘कर्नाटक’, ‘महाराष्ट्र’, ‘बँक’, ‘तिकीट’ असे चार फोल्डर पुरतात. फोल्डरवर माउसचं मधलं चाक दाबलं की आतल्या सगळ्या साइट एकदम उघडतात. सकाळी सोयीचं, पण 4 जीबी रॅमच्या यंत्रावर करू नका.

बँकांचे जुने शॉर्टकट एकदा तपासा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर यायला सांगितलं होतं. जुना पत्ता नव्याकडे नेऊन सोडतो तोवर कळत नाही, म्हणून नवं पान उघडून पत्ता डोळ्यांनी वाचा आणि शॉर्टकट नव्यानेच करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून तर अजिबात करू नका. आणि फॉरमॅट मारायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-ओ, वरची तीन टिंबं, ‘एक्सपोर्ट बुकमार्क्स’, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर. डेस्कटॉपवरच्या पत्त्याच्या फाइली वेगळ्या कॉपी कराव्या लागतात, त्या एक्सपोर्टमध्ये येत नाहीत.