कॅमशाफ्ट बदलल्यावर इंजिन थरथरतंय: आधी स्कॅनर की आधी व्हॅक्यूम गेज?

नवा कॅमशाफ्ट (इंजिनचे वाल्व उघडणारा दांडा) बसला, गाडी गॅरेजबाहेर आली आणि सिग्नलवर उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतंय. अशा वेळी हातात काय घ्यावं, यावर आमच्या ओळखीतल्या गाडीवाल्यांत दोन मतं आहेत. पणजी-म्हापशाकडचे बहुतेक जण ओबीडी पोर्टात, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या खोबणीत, ब्लूटूथचा डोंगल लावून मोबाईलवर दोषांचे कोड वाचतात; हाच स्कॅनर. फोंडा-डिचोलीकडचे जुने मेकॅनिक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरला हवा नेणाऱ्या भागाच्या) नळीला व्हॅक्यूम गेज जोडून सुई बघतात. दोन्ही वस्तू साधारण हजार-दीड हजारात मिळतात. माझ्या जुन्या होंडा सिटीवर मी दोन्ही वापरल्या आहेत. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, एकच ओव्हरहेड कॅम, स्क्रूने सेट होणारे टॅपेट, म्हणजे कॅम आणि वाल्वमधली फट हाताने ठरवायची. इंजिन याच जातीचं असेल तर पुढचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

कॉइलचे कनेक्टर, ब्रीदरची नळी, कॅम सेन्सरचा प्लग, अर्थची वायर हे सगळं तुम्ही तपासलेलं आहे असं धरतो. एक गोष्ट मात्र बरेचदा राहून जाते. कामासाठी बॅटरी काढलेली असेल तर ईसीयू (इंजिनचा संगणक) आयडलिंगचं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याचं, शिकलेलं विसरतो. होंडात ते पुन्हा शिकवावं लागतं: एसी, दिवे सगळं बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, पंखा लागेपर्यंत ३,००० आरपीएम धरायचे आणि मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाच मिनिटं नुसतं आयडल चालू द्यायचं. हे केल्याशिवाय कुठल्याच उपकरणाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

आता स्कॅनर. त्याचे गुण खरे आहेत. पी०३०१ ते पी०३०४ पैकी कोड आला तर मिसफायर करणारा सिलिंडर कुठला ते लगेच कळतं. पी०३४१ किंवा पी००१६ आला तर कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही, म्हणजे चेन किंवा बेल्ट दातावर चुकला असण्याची शक्यता मोठी. एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतो तो आकडा) आयडलला बरीच वर आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठेतरी हवा खेचली जाते आहे. हे सगळं बॉनेट न उघडता, पावसात गाडीत बसून कळतं, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ही काही छोटी सोय नव्हे.

पण माझ्या गाडीला कोडच नव्हता. चेक इंजिनचा दिवा बंद, पेंडिंग कोड शून्य आणि आयडलिंगला डॅशबोर्ड हलतोय. दोन हजारांच्या वर गेलं की सगळं गुळगुळीत. मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा अ‍ॅपवर थोडा जास्त दिसत होता, पण एका जागी स्थिर. ज्या गॅरेजने काम केलं होतं, तिथे हा स्क्रीन दाखवला तर उत्तर मिळालं, ‘स्कॅनर क्लीन आहे, चालवा, सेट होईल.’ चतुर्थी तोंडावर आलेली, तेव्हा नेटाने वाद घालायला त्यांनाही वेळ नव्हता.

याच गोष्टीने माझा कौल फिरवला. गणित साधं आहे. ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा हवा ओढतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. स्वस्त डोंगलवर चार-पाच आकडे एकदम लावले तर माझ्या मोबाईलवर प्रत्येक आकडा सेकंदाला जेमतेम एकदा बदलायचा. एका सिलिंडरचा वाल्व नीट बसत नसेल तर त्याचा झटका दोन आकड्यांच्या मधेच निघून जातो. दिसतो तो नुसता एक शांत आकडा, आणि तो बघून समोरचा माणूस शोधायचं थांबवतो. दोष न सापडणं मी समजू शकतो, पण ‘दोष नाही’ असं लिहून येणं मला फार खुपलं.

गेज लावला तेव्हा सुई सतरा इंचांच्या (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) आसपास होती आणि ठराविक लयीत दोन इंच खाली झटकत होती. मग एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढून पाहिला. कॉइलचा काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. तिसऱ्यावर इंजिनला फारसा फरकच पडेना. रात्रभर गाडी थंड ठेवून सकाळी हेड कव्हर उघडलं, तर तिसऱ्या सिलिंडरच्या एका इनटेक वाल्वला फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पातींचा संच) ०.१५ मिमीची पात शिरतच नव्हती. नवा शाफ्ट जुन्याच टॅपेट सेटिंगवर बसवला होता. या इंजिनाला इनटेक ०.१५ ते ०.१९ मिमी आणि एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिमी लागतं, तेही हेड ३८ अंश सेल्सिअसखाली असताना. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गाडी तासभर उभी केली म्हणजे इंजिन थंड झालं असं नाही; हे काम सकाळचंच.

सुईची भाषा शिकायला फार वेळ लागत नाही. आयडलला १७ ते २२ इंच आणि स्थिर, तर ठीक. स्थिर पण बरीच खाली, तर टायमिंग उशिरा पडतंय असा पहिला संशय घ्यावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी, त्यामुळे कॅमच्या चाकाला ४० दात असले तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे १८ अंश, आणि एवढ्याने सुई नक्की उतरते. लयीत झटका असेल तर एखादा वाल्व. पुस्तकातले हे आकडे समुद्रसपाटीचे असतात, म्हणजे किनाऱ्याजवळ ते जसेच्या तसे लागू पडतात. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तर तिथली उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि निरोगी इंजिनाची सुईसुद्धा दोन-अडीच इंच खाली दिसते. तिकडच्या मेकॅनिकने ‘व्हॅक्यूम कमी आहे’ म्हटलं तर हे आठवा.

गेजच्या मर्यादा आहेत. डिझेल गाडीत मॅनिफोल्डला असा व्हॅक्यूमच नसतो, तिथे तो निरुपयोगी. ज्यात कॅमचा कोन ईसीयू स्वतः फिरवतो, त्या इंजिनात फेजरचा (कॅम फिरवणाऱ्या भागाचा) दोष स्कॅनरशिवाय धरणं मला तरी अवघड वाटतं. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे) असतील तर फीलर गेजचा भागच उरत नाही. उलट गाडी फार जुनी असेल तर साधा डोंगल तिच्याशी बोलेलच असं नाही, कारण भारतात ओबीडी-२ सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ मध्ये.

त्यामुळे दिवा पेटलेला असेल किंवा गाडी अलीकडची असेल तर आधी स्कॅनर, यात मला शंका नाही. पण दिवा बंद, कोड नाही आणि इंजिन मात्र आयडलिंगला हलतंय अशी तुमची तक्रार असेल, तर माझ्या मते पैसे गेजवर घाला आणि उरलेल्यात फीलर गेजचा संच घ्या. स्कॅनर मित्राकडे मिळून जातो. गेज घेताना सुईची हालचाल दाबून टाकणारा घेऊ नका, आणि फीलरच्या पाती तेल पुसून ठेवा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज चढतो आणि ०.१५ची पात ०.१५ राहत नाही.