जुनी अबार्थ पुंटो घ्यावी की जुनी पोलो जीटी टीएसआय?

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका धाकट्या मित्राने विचारलं, "दादा, जुनी पण मजेची गाडी घ्यायचीय. अबार्थ घेऊ की जीटी टीएसआय?" चहा संपेपर्यंत बोललो, तरी बरंच राहून गेलं. म्हणून हे सविस्तर.

दोन्ही गाड्या मी सेकंडहँडच घेतल्या आणि वापरल्या. आधी 2016 ची फियाटची अबार्थ पुंटो, चौदा महिने. मग 2015 ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, तिला आता माझ्याकडे पाचवं वर्ष लागलंय. पुण्यात रोज चालवता येईल, घरच्यांना बसवता येईल आणि तरीही घाटात अंगावर काटा आणेल, अशा जुन्या गाड्यांची यादी फार लहान आहे. माझ्यापुरती ती या दोन नावांवर संपते. त्यात दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या, एक रांजणगावची आणि दुसरी चाकणची. पोलो म्हणजे 1.2 इंजिनची, 2013 ते 2020 मधली. त्यानंतर आलेल्या 1.0 लिटरच्या गाडीचा गिअरबॉक्सच वेगळ्या जातीचा आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाही.

कागदावरचे आकडे तुम्हाला पाठ असतील. अबार्थची 145 आणि पोलोची 105 अश्वशक्ती हा फरक मोठाच आहे आणि तो गाडीत बसल्यावर लपत नाही. पौड सोडलं, मुळशी धरणाची भिंत मागे पडली, रस्ता मोकळा झाला आणि अबार्थ तिसऱ्या गिअरमध्ये असली, की दोन हजार आरपीएमपर्यंत ती शांत असते. मग इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो जागा होतो आणि पाठ सीटला चिकटते. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक. खडी कुठे आहे, डांबर कुठे उखडलंय, डावं चाक ओल्या शेवाळावरून गेलं का, हे सगळं तळहाताला कळतं. ब्रेक चारही चाकांना डिस्क. कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून कंपनीच्या चिन्हात विंचू आला. ताम्हिणी घाटात ती गाडी चालवली की चिन्ह अगदी योग्य निवडलंय असं वाटतं. इतका जीव लावणारी गाडी मी दुसरी चालवलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पोलो वेगळ्या स्वभावाची. तिच्या डीएसजीत, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, दोन सुके क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे गिअर बदलला हे कानाला कळतं, मानेला कळत नाही. स्टिअरिंग इलेक्ट्रिक, हलकं, अबार्थइतकं बोलकं नाही. पण पोलोत ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, आहे; अबार्थमध्ये नाही. ऑगस्टात धुकं उतरलेलं असताना, वळणावर चिखल आलेला असताना आणि मागे आई बसलेली असताना त्या तीन अक्षरांचा मोठा आधार वाटतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. ती इंजिनमध्ये नव्हती, गिअरबॉक्समध्येही नव्हती. ती आमच्या गेटापाशी होती.

कोथरूडात आमच्या सोसायटीच्या गेटातून आत शिरलं की लगेच एक गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते. आमचा गतिरोधक कुठल्याशा कामातून उरलेल्या काँक्रीटचा. टेप लावून मोजला तेव्हा सव्वापाच इंच उंच भरला आणि रुंदीला जेमतेम हातभर. अबार्थचं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, 155 मिलिमीटर. मी एकटा असलो आणि गाडी तिरकी घेतली तर ती बोटभर अंतराने निघून जायची. चौघे बसले की स्प्रिंगा दबायच्या आणि पोटाखाली खर्रर्र असा लांबलचक आवाज व्हायचा. लोखंड काँक्रीटवर घासल्याचा तो आवाज ज्याने स्वतःच्या गाडीखाली ऐकलाय त्याला दात शिवशिवणं म्हणजे काय ते ठाऊक असेल. गतिरोधक कमी करा म्हणून सोसायटीच्या समितीकडे अर्ज केला. मुलं तिथेच खेळतात, वेग कमी राहायला हवा, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

घासण्याचीही एक वेळ सवय झाली असती. बाबा शहात्तरचे. पहिल्यांदा मीच म्हणालो, "बाबा, जरा उतरता का? गाडी लागतेय खाली." दुसऱ्या महिन्यापासून त्यांना सांगावं लागेना. कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान दिसलं की ते आपणहून सीटबेल्ट काढायचे. जुलैतल्या एका रात्री डॉक्टरांकडून परत येत होतो. साडेनऊ वाजलेले, पाऊस चांगलाच लागलेला. मी म्हणालो, "बसा बाबा, घासली तर घासू दे." तोवर त्यांनी दार उघडून छत्री बाहेर काढली होती. मी आधी डावं चाक चढवलं, मग उजवं. हेडलाइटच्या उजेडात ते पायजमा एका हाताने वर धरून, डबकं चुकवत गाडीच्या पुढे चालताना दिसले. गाडी न घासता आत आली. त्या रात्री अबार्थ विकायचं ठरलं.

उंच स्प्रिंगा टाकता आल्या असत्या, एका मेकॅनिकने सुचवलंही होतं. पण ती गाडी रस्त्याला जशी चिकटून बसते, त्यासाठीच तर घेतली होती. तेच बदलायचं तर मग ती कशाला ठेवायची? पोलो त्याच गतिरोधकावरून चौघांना घेऊन, आडवीतिडवी न करता जाते. आकड्यांत फरक थोडाच आहे, पण आमच्या गेटापुरता तो पुरतो.

सांभाळायच्या खर्चात मला दोघींत फार अंतर दिसलं नाही. पेट्रोल गावात दोन्ही भरपूर पितात. फरक आहे तो कशाकडे लक्ष ठेवायचं याचा. अबार्थच्या 1.4 टी-जेट इंजिनला टायमिंग बेल्ट, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, आहे, आणि बेल्ट किलोमीटरने जसा म्हातारा होतो तसा वयानेही होतो. मीटरवर तीस हजार दिसले तरी 2016 चा मूळ बेल्ट असेल तर तो बदलायचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा, सोबत वॉटर पंपही बदलून घ्या. पोलोच्या 1.2 इंजिनला बेल्टच्या जागी चेन आहे. सकाळी गार इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर चेन सैल झाल्याचा संशय घ्या. डीएसजीचं सर्व्हिस रेकॉर्ड मागाच. या जातीच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायची मोहीम कंपनीने 2013 मध्ये जगभर चालवली होती, ती उगाच नाही. दमट, गरम हवेत आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ते सिंथेटिक तेल जपत नव्हतं.

चालवायची पद्धतही थोडी बदलावी लागते. सुक्या क्लचला इंच इंच सरकणं मानवत नाही. नळस्टॉपच्या गर्दीच्या चौकात मी पुढच्या गाडीला एक गाडीभर अंतर जाऊ देतो, मग एकदाच पुढे घेतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे. याउलट अबार्थमध्ये त्याच गर्दीत डावा पाय दुखतो, आणि क्लच सोडल्यावर तो टेकवायला धड जागा नाही.

सुट्या भागांचा मुद्दा मी थोडा जपून मांडतो, कारण अबार्थवाल्यांना तो आवडत नाही. पुंटो 2019 मध्ये बंद झाली. इंजिनचे बरेच भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट गाडीशी जुळतात, आणि पुण्यात फियाटचे हात बसलेले जुने मेकॅनिक अजून आहेत, त्यामुळे गाडी अडून राहत नाही. पण खास अबार्थचंच जे आहे, म्हणजे चाकं, बंपर, सस्पेन्शन, त्यासाठी वाट पाहायची तयारी हवी. मला पुढचा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळायला सात आठवडे लागले. पोलोचं जे लागलं ते मला दोन-चार दिवसांत मिळत आलंय.

दोन्ही गाड्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येण्याआधीच्या, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या आणि जोड एकदा नीट तपासून घ्या. 1 एप्रिल 2019 च्या आधीची नोंदणी असेल तर एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबरप्लेट, बसवलीय का ते बघा, आणि बँकेचा बोजा आरसीवरून उतरल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुम्ही एकटे असाल, घरात दुसरी गाडी असेल, पार्किंगपर्यंतचा रस्ता सपाट असेल आणि शनिवारी पहाटे साडेपाचला ताम्हिणीकडे निघायची आवड असेल, तर अबार्थ घ्या. माझ्या तोंडून "नको" निघणार नाही. तिची सर दुसऱ्या गाडीला नाही. घरात एकच गाडी असणार असेल, तर मात्र माझा कल पोलोकडे आहे, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही.

माझी अबार्थ साताऱ्याच्या एका मुलाने नेली. गाडी बघायला आला तेव्हा तो खाली वाकून पोटाखालचे ओरखडे मोबाइलच्या उजेडात बघत होता. मी त्याला गतिरोधक दाखवला. त्याने विचारलं, "आमच्या दारात शेणामातीचं अंगण आहे, चालेल ना?" म्हटलं, उत्तम चालेल.

तुम्ही बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे याची खात्री करा, मग चावी फिरवा. आणि ट्रायलला घरातली सगळी माणसं बसवून गाडी एकदा आपल्या गेटातून आत घाला.