आर्चेसचा ३०० जीएसएम कागद: पावसाळ्यात बाहेर बसून काम करणाऱ्याचा रिव्ह्यू

आर्चेसचा वॉटरकलरचा कागद घ्यावा का, एवढे पैसे घालून खरंच फरक पडतो का, हे मला महिन्यातनं दोनतीनदा कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच नीट लिहितोय. मी कोल्हापूरचा. जीडी आर्ट झाल्यापासून चित्रकलेवरच घर चालतंय, आता बावीस वर्षं होतील. पहिली सातआठ वर्षं साइनबोर्ड, शाळेच्या भिंती, लग्नाचे बॅकड्रॉप, कुणाच्या तरी आजोबांचं फोटोवरनं पोर्ट्रेट, जे मिळेल ते केलं आणि रविवारी सकाळी रंकाळा तलावावर जाऊन स्वतःसाठी लँडस्केप. आता लँडस्केपवरच चाललंय. पैकी साधारण बारा वर्षं हा कागद वापरतोय, तिन्ही ऋतूंत, त्यामुळं जे लिहितोय ते हातानं केलेलं आहे.

आधी नावाचं बघू. आपल्याकडं सगळे आर्चेस म्हणतात, मूळ फ्रेंच उच्चार आर्श, फ्रान्समधल्या त्या गावाचं नाव. तिथं १४९२ पासनं कागद बनतोय. दुकानात आर्चेसच मागा, तेच कळतं. शंभर टक्के कॉटन आहे, म्हणजे लाकडाचा लगदा अजिबात नाही, म्हणून वर्षानुवर्षं पिवळा पडत नाही. फुल शीट २२ बाय ३० इंच, आणि ३०० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम. पृष्ठभाग तीन प्रकारचे, हॉट प्रेस गुळगुळीत, कोल्ड प्रेस मध्यम दाण्याचा आणि रफ. मी कोल्ड प्रेस वापरतो, पन्हाळ्याचे कातळ नाहीतर मसाई पठार करायचं असलं तर रफ.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवेतच एवढं पाणी असतं की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला हात, वाळतच नाही. उन्हाळ्यात जो वॉश पाचसहा मिनिटांत वाळतो तो आषाढात पंधरावीस मिनिटं ओलाच राहतो. साध्या कागदावर काय होतं, पाणी वरच्या वर साचतं, कुठं लवकर सुकतं कुठं उशिरा, आणि दुसरा रंग सोडायला गेलं की मधोमध कॉलीफ्लॉवरसारखा फुलकट डाग उठतो आणि आख्खं आभाळ बाद. या कागदात पाणी आतपर्यंत सारखं जातं आणि सारखंच वर येत सुकतं, त्यामुळं तोच ओलावा आपल्या कामाला येतो. पावसाळ्यात लोक वॉटरकलर बंद ठेवतात, माझी निम्मी बरी चित्रं पावसाळ्यातली आहेत, आणि त्याचं मोठं कारण हा कागद.

एक उदाहरण सांगतो. मागच्या वर्षी जुलैत पंचगंगा घाटावर बसलो होतो, पाणी चढलेलं, घाटावरची लहान देवळं निम्मी पाण्यात. पाऊस नुकताच थांबलेला, वर ढग गच्च पण खाली क्षितिजाला बोटभर जागा उघडी आणि तिथनं पिवळट उजेड पाण्यावर येत होता. हा उजेड पाचदहा मिनिटं असतो, परत ढग मिटतात. क्वार्टर शीट, म्हणजे फुल शीटचा चौथा भाग, उभी धरून आख्खी ओली केली, वरनं अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएन्नाचा करडा सोडला, तो खाली वाहत आला आणि मी फक्त बोर्ड थोडा कलता केला. ती उघडी पट्टी मी रंगवलीच नाही, करडा तिच्यापाशी येऊन आपोआप मऊ होत थांबला. अल्ट्रामरीन दाणेदार रंग आहे, तो कोल्ड प्रेसच्या खळग्यांत बसतो आणि ढगाला पोत येतो, तो ब्रशनं काढून येत नाही. मग सगळं वाळल्यावर घरी येऊन ब्लेडच्या टोकानं पाण्यावरच्या चमकेच्या चारपाच रेघा खरवडल्या. कागदाचं सूतसुद्धा निघालं नाही. दुसऱ्या कागदावर हेच केलं तर कागदाचे तंतू उभे राहतात, पुढचा रंग तिथं डाग धरतो.

हे शक्य होतं ते साइझिंगमुळं. साइझिंग म्हणजे कागदाला दिलेलं जिलेटिन, ते नसेल तर कागद टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. इथं ते नुसतं वर लावलेलं नाही, कागदाच्या आतपर्यंत मुरवलेलं असतं, म्हणून घासा, पुसा, खरवडा, चालतं. पहिल्यांदा वापरणाऱ्याला दोन गोष्टी खटकतील. एक म्हणजे पहिला वॉश थोडा वरच राहतो, सरकतो, अशा वेळी नुसत्या पाण्याचा एक हात मारून दोन मिनिटं थांबायचं. दुसरं, ओला केला की जनावराच्या कातड्यासारखा वास येतो, तो जिलेटिनचाच, वाळल्यावर जातो. आणि हो, जिलेटिन प्राण्यांपासनंच बनतं. माझ्या ओळखीच्या दोन विद्यार्थिनी घरी कडक शाकाहार म्हणून हा कागद वापरत नाहीत, त्यांना आधी माहीतच नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

साइझिंगवरनं आठवलं. पाचसहा वर्षांपूर्वी एका दुकानातनं ऐन श्रावणात दहा शीट आणले, घरी येऊन वॉश टाकला तर जागोजागी गडद ठिपके, जणू तेल सांडलंय. कागद तोच होता, पण दुकानदारानं ओलीच्या भिंतीला टेकून ठेवलेला, दमटपणानं साइझिंग मेलेलं. दोन शीट मी डेमोत वापरले आणि समोर वीस जण बसलेले असताना आभाळावर ते ठिपके उठले, फार वाईट वाटलं. दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासनं घेताना कोपऱ्यावर ओल्या ब्रशचा एक ठिपका देऊन बघतो, पाणी मिनिटभर वर चमकलं तर घ्यायचा, लगेच जिरलं तर सोडायचा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. कागद उजेडाकडं धरून वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेलं नाव, तेही वाचून घ्या. घरी आणल्यावर जाड प्लास्टिकमधे सिलिका जेलच्या पुड्या टाकून आडवा ठेवा, भिंतीपासनं लांब. कंपनी बुरशी न धरण्यासाठी कागदात औषध घालते खरं, पण कोकणात नाहीतर आमच्या गगनबावड्याच्या पट्ट्यात राहत असाल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

३०० जीएसएम हे वजन मला पुरतं, पण फुल शीटवर भरपूर पाणी खेळवायचं असेल तर कागद लाटा मारतो, पाणी त्या खळग्यांत साचतं. एकतर गम टेपनं बोर्डवर ताणून घ्या नाहीतर ६४० जीएसएम घ्या, तो पत्र्यासारखा सपाट राहतो पण खर्च पार वाढतो. मी शीट घेऊन हातानंच फाडून चार क्वार्टर करतो, कडा चिकटवलेल्या तयार गठ्ठ्यापेक्षा, म्हणजे ब्लॉकपेक्षा, स्वस्त पडतं आणि फाडलेल्या कडा दिसायला सुंदर दिसतात, फ्रेमवाल्यालाही सांगतो की कडा माउंटखाली दाबू नको.

आता कुणी घ्यावा. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या पोरांनी अजिबात घेऊ नये, त्या पैशात साध्या कागदाचा गठ्ठा येतो आणि त्या वयात गठ्ठाच संपवला पाहिजे. कॉलेजच्या पोरांनी महिन्यातनं एखादा शीट, तोही चार तुकडे करून. पण ज्याला चित्र विकायचंय त्यानं दुसरा विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस आपलं चित्र पैसे देऊन भिंतीवर लावतो आणि दहा वर्षांनी ते पिवळं पडलं तर त्याला तोंड कसं दाखवायचं? हेच रंगांचंही, कॉटनवर उडणारा रंग लावून काय उपयोग, अलिझरीन क्रिमसनचा जुना प्रकार उजेडात फिका पडतो, ट्यूबवर पीआर ८३ हा त्या रंगद्रव्याचा क्रमांक लिहिला असेल तर विकायच्या चित्रात तो मी वापरत नाही.

टिकण्याचा विषय माझ्या डोक्यात बसला तो टाउन हॉल म्युझियममधे. तिथं आबालाल रहिमानांची चित्रं आहेत. जे. जे. मधे शिकून हा माणूस कोल्हापूरला परत आला, शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार केलं, आणि आयुष्य कोटीतीर्थ, रंकाळा, हीच आपली रोजची ठिकाणं बघण्यात घालवलं. १९३१ साली गेले. मी अजून त्या चित्रांसमोर उभा राहतो तेव्हा विषय बघत नाही, पाणी कुठं सोडलंय आणि कुठं थांबवलंय तेवढंच बघतो. त्यांचा रंकाळा आणि माझा रंकाळा एकच, तलावातला दगडी संध्यामठ तोच, पावसाळ्यात बुडतो आणि उन्हाळ्यात वर येतो. मी दर मे महिन्यात आणि दर ऑगस्टमधे एकाच दगडावर बसून त्याचं चित्र करतो. आता ती रांग लावली तर पाण्याची पातळी वर्षागणिक कशी हलली ते दिसतं.

त्या रांगेतली काही २०१९ च्या पुरात गेली. तेव्हा माझी खोली व्हीनस कॉर्नरच्या मागं तळमजल्यावर होती, ऑगस्टमधे पाणी शिरलं आणि काही दिवस आत जाताच आलं नाही. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर गठ्ठेच्या गठ्ठे गाळात. लगद्याच्या कागदावरची जुनी कामं उचलताना हातातच तुटली, पानं वेगळीच होईनात. आर्चेसचे शीट मी एकेक करून बादलीत स्वच्छ पाण्यानं धुतले, दोरीवर आडवे टाकले, पंख्याखाली वाळवले. कागद एकही फाटला नाही. रंगांचं मात्र निराळंच झालं, थॅलो निळा जिथं होता तिथं तसाच राहिला, तो रंग धाग्यात घट्ट बसतो, आणि अल्ट्रामरीन सगळा वाहून गेला. म्हणजे एका चित्रात झाडं, संध्यामठाची कमान आणि काठ आहे, वरचं आभाळ गेलंय, तिथं कागदावर गाळाचा फिकट तांबूस रंग बसलाय. ते मी परत रंगवलं नाही. फ्रेम करून कामाच्या टेबलाच्या वर लावलंय, दोनदा गिऱ्हाइकानं मागितलं, दिलं नाही.