पहिला मजला, जेट स्प्रे आणि शौचाच्या जागेची खाज : वापरानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीआधी बाथरूमचं काम काढलं तेव्हा हा जेट स्प्रे बसवला. पहिल्या महिन्यात लिहिलं होतं तेव्हा चार स्टार दिले होते. क्रोम चकचकीत, पकड चांगली, गळती नाही, धार जोरदार. नंतर दोनवर आणले, आणि ते त्याच जोरदार धारेमुळे. हे नीट सांगायचं तर शौचाच्या जागेच्या खाजेबद्दल मोकळेपणानं बोलावं लागेल. बायका हे दुखणं सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम लिहितेय.

थंडी संपता संपता खाज सुरू झाली. आधी शौचाहून आल्यावर तेवढीच, मग रात्री अंथरुणात पडल्यावर. खाजलं की मी आणखी धुवायची. साबण लावून धुवायची. धुतल्यावर थोडा वेळ बरं वाटायचं आणि तासाभरात दुप्पट खाज. शेवटी त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी रात्रीची खाज ऐकून आधी जंतांचं विचारलं, कारण घरात शाळेत जाणारा मुलगा आहे. सुतासारखे बारीक पांढरे जंत असतात, त्यांची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते, त्यामुळे झोपेत खाज सुटते. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, तिथे सेलोटेप चिकटवून ती पट्टी काचेवर लावून तपासायला द्यायची. आमच्याकडे काही सापडलं नाही. सापडलं असतं तर अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी घरातल्या सगळ्यांनी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायची, असं त्या म्हणाल्या. मुलाला शाळेत १० फेब्रुवारीला ती गोळी मिळाली होतीच. मग साखर तपासली, मूळव्याध आणि फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) बघितलं, बुरशी बघितली, सोरायसिसचे चट्टे कुठे आहेत का तेही बघितलं. काही नाही. कातडी मात्र लाल, मधूनच पांढुरकी आणि जाड झालेली.

"कशानं धुता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जेट स्प्रे आणि साबण. त्यांनी साबण तिथल्या तिथे बंद केला. आपली कातडी किंचित आम्ल असते आणि अंघोळीच्या साध्या वड्या अल्कधर्मी. आधीच सोललेल्या जागी तो साबण रोज लावला की वरचा तेलकट थर निघून जातो आणि कातडी आणखी चिडते. जेट स्प्रेचा विषय तेवढ्यावर राहिला.

आणि मग पाइप फुटला. रात्री, आम्ही झोपलेले असताना. बाहेरून स्टीलची जाळी असते त्यामुळे भक्कम वाटतो, पण आतली नळी रबराची, ती स्प्रे अडकवायच्या आकड्याजवळ चिरली होती. बाथरूमभर पाणी. कंपनीला फोन केला तर उत्तर काय, वॉरंटी फक्त धातूच्या भागाला, पाइप हा झिजणारा भाग आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात "७ वर्षं" छापलंय, आणि पाइप खोक्यातच आलाय. स्प्रे विकताना पाइप धरून किंमत घ्यायची आणि फुटल्यावर तो वेगळा मोजायचा, हे मला मान्य नाही. तक्रार क्रमांक मिळाला, माणूस आला नाही. नवा पाइप अडीचशे रुपयांना मिळतो, पण हट्टानं आणला नाही. सासूबाईंचा प्लॅस्टिकचा मग पुन्हा संडासात आला.

मगानं धुवायला लागल्यापासून खाज उतरायला लागली. साबण बंद केल्यावर थोडी कमी झाली होतीच, पण रात्रीची जात नव्हती. ती मगानं धुतल्यावर गेली. पुढच्या वेळी डॉक्टर बाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. जोराची धार चुण्यांमधल्या नाजूक कातडीवर रोज आपटते, थोडं पाणी आत जातं आणि नंतर मळासकट हळूहळू झिरपतं. जागा ओली राहते आणि तो ओलावा खाज आणतो. जपानमध्ये १९८० साली टोटो कंपनीनं वॉशलेट, म्हणजे कमोडमधूनच धुवायची धार सोडणारी बैठक, आणल्यावर पाण्याची धार घरोघर पोचली, आणि ती फार वापरल्यानं होणारी खाज आणि कातडीचे त्रास तिथल्या डॉक्टरांना ओळखीचे आहेत.

आता धारेबद्दल, कारण मला खरा राग याचाच आहे. आमची इमारत सात मजली, टाकी गच्चीवर, आम्ही पहिल्या मजल्यावर. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब धरतात, म्हणजे आमच्या नळाला दोन किलोच्या आसपास. सातव्या मजल्यावरच्या शेजारणीकडे हाच स्प्रे आहे आणि तिच्याकडे धार इतकी मरतुकडी की ती पंप बसवायचं म्हणतेय. खटका मात्र दोघींकडे सारखाच: दाबला की पूर्ण, सोडला की बंद. मधलं काही नाही. एवढी किंमत घेतात तर अंगठ्यानं धार कमीजास्त करायची सोय का देत नाहीत? डब्यावर मजल्याबद्दल एक ओळ का छापत नाहीत?

पाइप शेवटी स्वखर्चानं बदलला, कारण मुलाला आणि ह्यांना मग नको होता. आता मी दोनाचे तीन स्टार करतेय, पण त्याचं श्रेय आमच्या प्लंबरचं. त्यानं भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे पाइपाला पाणी सोडणारा छोटा नळ, पाव उघडा ठेवायला सांगितलं. धार लगेच मऊ झाली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खटका बंद असताना पाइपात पाणी थांबून पूर्ण दाब पुन्हा भरतो, त्यामुळे पहिला फवारा तसाच सणसणीत येतो आणि मग धार मंदावते. म्हणून आधी भांड्यात खटका दाबायचा, मग धुवायचं. उठताना अँगल कॉक पूर्ण बंद करायचा, म्हणजे पाइपावर चोवीस तास ताण राहत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं. त्याच्या क्षारानं निम्मी भोकं बुजतात आणि उरलेल्यांतून सुईसारखी धार येते. लिंबूसत्वाच्या पाण्यात स्प्रेचं तोंड रात्रभर बुडवून ठेवलं की मोकळं होतं.

धुण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं. जुनी सुती साडी फाडून लहान तुकडे केलेत. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. वापरलेला तुकडा वेगळ्या डब्यात, नंतर गरम पाण्यात धुवून उन्हात. टिपून झाल्यावर त्या जागी झिंक ऑक्साइडचं साधं मलम, अगदी पातळ थर. ते चड्डीला पांढरे डाग पाडतं आणि डाग जात नाहीत, म्हणून जुन्या सुती चड्ड्या त्यासाठीच ठेवल्यात.

ओले वाइप्स मी एकदाच आणले. महाग तर आहेतच, पण काही वाइप्समध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं, वाइप्स खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं द्रव्य असतं, त्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना येते. युरोपात २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत ते घालायला बंदी आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

केमिस्टकडच्या ट्यूबबद्दल हात जोडून सांगते. खाज म्हटलं की काउंटरवरून जी ट्यूब मिळते तिच्यावर बघा: क्लोबेटासोल, सोबत एक बुरशीचं आणि एक जंतूंचं औषध. क्लोबेटासोल हे अतिशय जहाल स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणसं महिनोन्‌महिने लावतात. या जागेची कातडी मुळात पातळ, ती आणखी पातळ होते, फाटते, आणि बुरशी असेल तर रूप बदलून पसरते. चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नाही, तरी मिळते. मला पुढे केली तेव्हा मी परत दिली. डॉक्टर बाईंनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड दिलं होतं, तेही मोजके दिवस आणि तारीख घालून. बधिर करणारी मलमंही त्यांनी नको म्हटलं, त्यांचीच कधी अ‍ॅलर्जी येते.

खाण्यात चहा निम्म्यावर आणला आणि कॉफी सोडली. मळ पातळ असेल तर नीट निघत नाही आणि डाग राहतो, म्हणून रात्री इसबगोल, भरपूर पाण्यासोबत. ठेच्यानं मला फरक पडला नाही, ह्यांना पडतो.

रक्त दिसलं, गाठ लागली, वजन उतरलं, शौचाच्या सवयी बदलल्या किंवा खाज काही आठवड्यांत हटली नाही, तर स्प्रे, मलम सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. लाजून घरी बसू नका.

नवा घेणार असाल तर दुकानात तोंडावरची भोकं बघा. जितकी जास्त आणि पसरलेली तितकी धार मऊ. मधल्या धारेची सोय असलेला मिळाला तर दोनशे रुपये जास्त द्या. आणि पाइपाची वॉरंटी बिलावर वेगळी लिहून घ्या, दुकानदाराच्या सहीनं.